अव्वाच्या हातचं

१

निलंग्याच्या बसस्टँडसमोरचे फ्लेक्स कुणी काढत नसतं. वाऱ्यानं फाटले तर फाटले, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या वाढदिवसाखाली झाकले जातात. शिवप्रसादच्या लेकीच्या जावळाचा फ्लेक्सही असाच कित्येक महिने लटकत होता. कोपऱ्यात टक्कल केलेली शिवानी, मधोमध वर्दीतला बाप आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'देशसेवक'. एका सकाळी गाव उठलं तेव्हा त्या वर्दीवर कुणीतरी डांबरानं लिहून ठेवलं होतं: गंजेटी.

शिवप्रसादनं स्वतः वर चढून तो फ्लेक्स उतरवला, गुंडाळला, एसटीत बसला आणि लातूरला ॲडव्होकेट धम्मप्रिया सोनकांबळेंच्या टेबलावर आणून टाकला.

"मॅडम, केस वापस घ्यायची हाय."

धम्मप्रियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती फौजी माणसांच्या केसेस लढायची. तिचा बाप हवालदार होता. वर्दी अंगावरून उतरली की माणसाचं काय होतं, ते तिनं घरातच पाहिलं होतं. आणि इथं तर वर्दी उतरवली नव्हती, ओरबाडून घेतली होती. शिवप्रसाद तोफखान्यात ड्रायव्हर. पेन्शनीला थोडीच वर्षं उरलेली. सुट्टी संपवून परत गेला, परतलेल्या सगळ्या जवानांची लघवी तपासली, त्याच्या नमुन्यात अफूचा अंश निघाला. साहेबानं विचारलं, कोई नशा? कोई दवाई? हा म्हणाला, नहीं साहब. झालं. दुसरा नमुना नाही, घरी काय खाल्लंस-प्यालंस याची चौकशी नाही. नशेबाज म्हणून शेरा आणि डिस्चार्ज. आता अपील लष्करी न्यायाधिकरणापुढं होतं आणि सुनावणी तोंडावर आली होती.

"केस वापस घेतली तर हे डांबर जन्मभर तुमच्या तोंडावर राहील," ती म्हणाली. "अफू तुमच्या पोटात गेली कशी, ते सांगा."

माहीत असतं तर तिथंच सांगितलं नसतं का, असं तो म्हणाला. सुट्टीत दारू नाही, तंबाखू नाही, साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेतली नव्हती. गावात सगळे गांजाच म्हणत होते. ते त्यानं तसंच राहू दिलं होतं. अफूचं नाव त्यानं घरी काढलं नव्हतं, बायकोजवळसुद्धा नाही. तो कागद फक्त वकिलीणबाईंनी पाहिला होता.

"कंच्या तोंडानं सांगू, मॅडम?"

तेवढ्यात दार ढकलून महादेवप्पा आत आले. निलंग्यात किराणा आणि काष्ठौषधींचं जुनं दुकान असलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, लिंगायत मठाच्या प्रत्येक कार्यात पुढं. नात्यानं शिवप्रसादचे लांबचे मामा. पोरानं हाय खाल्लेली दिसली म्हणून मागच्या गाडीनं आलो, म्हणाले. खुर्चीत बसून त्यांनी आवाज खाली आणला. पोरगं निर्दोष आहे आणि त्याचं कारण आपल्याला सापडलं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. खसखस. बाळंतिणीच्या लाडवांत खसखस असते. ती आपल्याच दुकानातून नागम्मानं, म्हणजे शिवप्रसादच्या आईनं, त्याच्या अव्वानं, नेली होती. लाडू शिवप्रसादनं खाल्ले असणार. तसं प्रतिज्ञापत्र आपण द्यायला तयार आहोत, सही कुठं करू तेवढं सांगा.

धम्मप्रियाला हायसं वाटलं. खसखस अफूच्याच बोंडातली, तिचा अंश लघवीत उतरतो हे तिनं वाचलं होतं. न्यायाधिकरणाला पटेल असं कारण आयतं दारात चालत आलं होतं. महादेवप्पा चहा घेऊन गेले. ती लिहायला बसली आणि सहज म्हणून तिनं विचारलं की लाडू सकाळी खायचात की रात्री.

शिवप्रसाद तिच्याकडं बघत राहिला. "कसले लाडू?"

२

औशाला जाऊनच या लाडवांचा सोक्षमोक्ष लावायचा, असं धम्मप्रियानं ठरवलं. शिवप्रसादची बायको पूनम जावळ उरकून तिथं, माहेरी आली होती, आणि नवऱ्याचा डिस्चार्ज झाल्यावर परत गेलीच नव्हती.

पूनमची आई गंगम्मा तर प्रश्न ऐकूनच उखडली. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे वकिलीणबाईंना कुणी सांगितलं नाही का? लाडू या घरात झाले, या घरात संपले, आणि तेव्हा जावई सीमेवर होता. "निलंग्याची खसखस आम्ही कामून आणू? औशात दुकानं न्हाईत का काय?"

म्हणजे महादेवप्पा खोटं बोलले होते. पोराला वाचवायला बोलले असतील, असं धम्मप्रियानं स्वतःला समजावलं, पण मनातली अढी गेली नाही.

पूनम मांडीवर लेकरू घेऊन उंबऱ्याशी बसली होती. तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं, राग होता. नवऱ्यानं खरं काय ते सांगितलं नाही, सासूनं विचारू दिलं नाही, आणि गावातल्या बाया नळावर तिला ऐकवून हसल्या. जावळासाठी चांगली महिनाभर निलंग्याला राहिली, ते शेवटचं सुख, म्हणाली. तिथं शिवानी किती गुणाची होती. दूध प्यायची आणि निजायची. हाक मारली तरी उठायची नाही. सासू म्हणायची, माझ्या हातचं लेकरू रडतच नसतं.

"आणि इथं?"

इथं आल्या दुसऱ्या दिवसापासून पोरीनं घर डोक्यावर घेतलं होतं. शिंका, जुलाब, अंगाला कापरं, दूध तोंडात धरायची नाही, टाहो फोडायची. लातूरच्या डॉक्टरांनी तपासलं, त्यांना काही सापडलं नाही. आठवड्यानं आपोआप थांबलं. आजीची सवय लागली होती, असं सासू फोनवर म्हणाली होती.

धम्मप्रिया लेकराकडं बघत राहिली. आता ते चांगलं टकामका बघत होतं आणि तिच्या पर्सचा पट्टा ओढत होतं.

"मॅडम, शोधायचंच असंल तर रुद्रेशला धरा," पूनम म्हणाली. रुद्रेश म्हणजे शिवप्रसादचा चुलत भाऊ, गांजा ओढण्यासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध. बांधावरून दोघांचं भांडणही झालेलं. "ह्यांना नांदेडला गाडीत बसवायला त्योच गेल्ता. वाटंत काय पाजलं, देवाला ठाव."

३

रुद्रेश नांदेडच्या भाजी मार्केटात टेम्पो चालवत होता. कोबीची पोती उतरवता उतरवता त्यानं तिचं ऐकून घेतलं आणि मग हातातलं पोतं जमिनीवर आपटलं.

"ओढतो मी गांजा. सगळ्या जिल्ह्याला म्हाईत हाय. म्हणून भावाच्या ताटात माती कालवीन का?" मग त्याचा आवाज उतरला. "खरं सांगा मॅडम. टेम्पोत मी ओढत होतो. धूर त्याच्या नाकात गेला असंल. त्येच निघालं का रिपोर्टात?"

हा माणूस महिनोन्महिने ते ओझं घेऊन फिरत होता. धम्मप्रियाला त्याची दया आली आणि खात्रीही पटली. अफूचं याला ठाऊकच नव्हतं. आणि यानं काही पाजलं असतं तर गांजा निघाला असता.

त्या प्रवासाचं सगळं सांग, असं ती म्हणाली. सांगण्यासारखं काय असणार, असं म्हणत रुद्रेशनं सांगितलं. शिवप्रसादचं पोट पार बिघडलं होतं. जावळाच्या जेवणावळीचं बाधलं असावं. लातूरच्या अलीकडं दोनदा गाडी थांबवली. पंजाबकडं जाणारी गाडी, दोन रात्रींचा प्रवास, कसा निभणार याची याला काळजी. पण अहमदपूर सोडलं आणि पोट शांत झालं. नांदेडला प्लॅटफॉर्मवर तर गडी चांगला पेंगत होता.

"काही खाल्लं?"

"गूळ. फडक्यात बांधून आणलेल्या बारक्या गोळ्या. मी म्हणलं, दे की एक. तर म्हणला, अव्वानं मोजून दिलेत, वाटंला पुरवायचेत."

गूळच तो, एवढी काय किंमत, म्हणून रुद्रेशला त्याचा रागही आला होता. धम्मप्रिया मात्र तिथंच पोत्यावर बसली. नागम्माला ती भेटली होती. त्या बाईनं तिला चहाबरोबर ओंजळभर शेंगदाणे आणि मुठीएवढा गुळाचा खडा दिला होता, परत जाताना पिशवीत आणखी कोंबला होता. अशी बाई स्वतःच्या लेकाला गूळ मोजून देते?

४

परतीच्या एसटीत लोहा गाव येईपर्यंत तिला सगळं दिसलं होतं, आणि जे दिसलं त्यानं तिचा जीव जळत होता.

लेकरू निलंग्यात निपचित आणि औशात बेजार. एखाद्या गोष्टीची सवय लावून ती एकाएकी तोडली की होतं तसं. लेकाचं पोट बिघडलेलं आणि मोजक्या गोळ्यांवर दोन रात्री बांधलेलं. दोघांना देणारा हात एकच होता. आणि त्या हाताला अफू मिळत कुठून होती, हेही आता उघड होतं. सगळं गाव गांजा गांजा करत होतं, सख्ख्या बायकोला माहीत नव्हतं, बांधावरून भांडणाऱ्या भावाला माहीत नव्हतं. मग महादेवप्पांना अफू कुणी सांगितली? रिपोर्टात अफू निघाली हे कळल्याशिवाय खसखशीची पळवाट सुचतेच कशी? त्यांना कुणी सांगायची गरजच नव्हती. ती त्यांच्याच दुकानातून गेली होती.

या माणसासमोर आपण चहाचा कप ठेवला, या विचारानं तिला स्वतःचीही चीड आली. तिनं फोन काढला.

"अप्पा, प्रतिज्ञापत्र तयार आहे. उद्या दुपारी नागम्माबाईंच्या घरी या. सही तिथंच करू."

येतो, असं महादेवप्पा म्हणाले. आवाजात समाधान होतं.

५

नागम्माच्या पडवीत सगळे जमले. धम्मप्रियानं पूनमलाही लेकरासकट बोलावून घेतलं होतं. महादेवप्पा खिशाला पेन लावूनच आले. नागम्मा खांबाला टेकून बसली होती. हात पदराखाली, गळ्यातल्या इष्टलिंगावर. धम्मप्रियानं कागद काढलाच नाही.

"शिवप्रसाद, निघायच्या दिवशी तुमचं पोट बिघडलं होतं. मला का नाही सांगितलं?"

तो गोंधळला. "तुम्ही औषध घेतलं का म्हणून विचारलं. मी कुठं घेतलं?"

"अव्वानं काय दिलं होतं?"

"उगाळून दिलं कायतरी. गुळात वळून." मग त्यालाच ऐकू आलं आपण काय बोललो ते. "पर ते औषध कसं व्हईल, मॅडम? ते घरचं हाय. अव्वानं दिलेलं हाय."

साहेबानं विचारलं तेव्हाही त्यानं हेच मनाशी धरलं होतं. खोटं तो बोललाच नव्हता. दवाई म्हणजे दवाखान्याची, पैसे देऊन घेतलेली. आईनं सहाणेवर उगाळलं ते विचारायचं नसतं, मोजायचं नसतं, तोंड उघडून गिळायचं असतं. त्याला तसंच वाढवलं होतं.

धम्मप्रियानं एकेक गोष्ट मांडली. गुळाच्या गोळ्या. अहमदपूरपासून बसलेलं पोट. औशातले ते जुलाब आणि कापरं. पूनमचा चेहरा पांढरा पडत गेला. तिनं लेकरू छातीशी ओढलं आणि सासूकडं बघितलं.

"माझ्या पोरीला अफू दिली तुमी?"

महादेवप्पा उठायला लागले. हे घरातलं प्रकरण दिसतंय, आपण नंतर येऊ, म्हणाले.

"बसा," धम्मप्रिया म्हणाली. "बाळंतिणीचे लाडू औशात झाले, तिथल्याच खसखशीचे. तुमच्या दुकानातून खसखस गेलीच नाही. गावात सगळे गांजा म्हणत असताना तुम्हाला अफू कशी कळली, तेवढं सांगा आणि मग जा."

महादेवप्पांनी उत्तर शोधलं. पोरानंच सांगितलं असेल, म्हणाले. शिवप्रसादनं नुसती मान हलवली. मग अप्पांचा सूर बदलला. आपण कुणाच्या घरी जाऊन अफू वाटली नाही. बाया येतात, मागतात, लेकरं निजत नाहीत म्हणतात, शेतात जायचं असतं म्हणतात. आजवर काही बिघडलं का?

धम्मप्रियाच्या डोक्यात तिडीक गेली. "बिघडलं का? हा माणूस समोर बसलाय, याला विचारा. देशभर ट्रक चालवला, एक डाग नाही. तुमच्या गल्ल्यातल्या काळ्या गोळीपायी याच्या तोंडाला डांबर लागलं, आणि तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी तुम्ही मामा म्हणून याच्या पाठीवरून हात फिरवत होतात."

मग नागम्मा बोलली, खाली बघत.

शेतात कामाला जाताना लेकरू झाडाखाली निजवावं लागायचं. सासूनं स्वतःच्या लेकरांना ते उगाळून चाटवलं, तिनं शिवप्रसादला चाटवलं. नात आली, सून रात्र रात्र जागायची, तिला जरा झोप मिळावी म्हणून पुन्हा सहाण काढली. जुलाबाला तर तेच देतात. वाटेत लेकाचे हाल नको म्हणून दोन गोळ्या जास्तच वळल्या. त्यानं नोकरी जाईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. डिस्चार्ज झाला त्या आठवड्यात महादेवप्पा घरी आले आणि त्यांनी तिला समजावलं काय झालं ते. तोंड उघडलंस तर आधी तुझ्या हातात बेड्या पडतील, मग सून लेकरू घेऊन कायमची जाईल, असं म्हणाले. "मला लिंगावर हात ठिवून शपथ घ्यायला लावली, बाई. तवापासून माझ्या घशाखाली घास उतरत न्हाई."

शिवप्रसाद उठला, पडवीच्या कडेपर्यंत गेला, परत आला. एवढा मोठा गडी, पण हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"केस वापस घ्या, मॅडम. मी गंजेटी तर गंजेटी. अव्वाला कोर्टात उभी करणार न्हाई."

"मला इचारलं का तू?" नागम्मा म्हणाली. तिनं पदराखालचा हात बाहेर काढला. "लिंगाला साक्ष ठिवून खरं दडवायचं, असली शपथ देव कामून ऐकंल? माझ्या हातानं झालंय. मीच सांगणार. बेड्या तर बेड्या."

ती आत गेली आणि सहाण घेऊन आली. मधोमध खळगा पडलेली, कडेला काळपट डाग असलेली. ती तिनं वकिलीणबाईंसमोर ठेवली, आणि महादेवप्पांना म्हणाली की आता या उंबऱ्यातून बाहेर निघा.

६

न्यायाधिकरणापुढं नागम्मा मराठीतच बोलली. लातूरचे डॉक्टरही आले आणि लेकराची लक्षणं आज आपल्याला कशाची वाटतात ते त्यांनी सरळ सांगितलं, थोडं ओशाळून. जवानानं नशा केली नाही, त्याला काय दिलं गेलं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारायची तसदीही कुणी घेतली नाही, असं निकालात आलं. डिस्चार्ज रद्द झाला. शिवप्रसादला परत रुजू व्हायचं होतं.

महादेवप्पांच्या दुकानाला सील लागलं. ते जामिनावर आले तेव्हा त्यांना आणायला गाड्या गेल्या होत्या. नागम्मावरही गुन्हा दाखल झाला, तिलाही जामीन घ्यावा लागला, तिला आणायला रुद्रेशचा टेम्पो होता. बाजारात बाया तिच्याकडं पाठ करायच्या. आमची लेकरं आता कोण निजवणार, असं एकीनं तोंडावर विचारलं. धम्मप्रियाला हे कळलं तेव्हा तिचा जो संताप झाला, तो अजून उतरलेला नाही. निकाल लागला म्हणून सगळं मिटलं, असं तिला कुणी म्हटलेलं चालत नाही.

पूनम निलंग्याला परत आली, ती अट घालूनच. लेकराच्या तोंडात आपल्याला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा घालायचं नाही. नागम्मानं ते ऐकून घेतलं. शिवप्रसाद मात्र आईशी कामापुरतंच बोलायचा. ताट पूनमनं वाढलं तरच जेवायचा.

तो निघाला त्या दिवशी धम्मप्रिया लातूरच्या बसस्टँडवर त्याला भेटायला गेली. नांदेडची गाडी लागली होती. रुद्रेश ट्रंक चढवत होता. पूनमच्या कडेवर शिवानी भोकाड पसरून रडत होती, आणि तिला कुणीही गप्प करत नव्हतं.

नागम्मा मागं उभी होती. हातात फडक्यात बांधलेली शिदोरी. ती पुढं करावी की नाही, हे तिचं ठरत नव्हतं. शेवटी तिनं हात पुढं केला. शिवप्रसादनं ती घेतली नाही. गाठोड्याकडं बघितलं, मग आईकडं. जन्मात कधी विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं.

"यात काय हाय, अव्वा?"

नागम्माला राग आला नाही. तिनं तिथंच, लोकांच्या गर्दीत, गाठ सोडली आणि एकेक वस्तू बोटानं दाखवली. "ज्वारीची भाकर. शेंगदाण्याची चटणी. त्यात लसूण, तिखट, मीठ. ह्यो गूळ, कोऱ्या भेलीतला."

"आणखी?"

"आणखी कायबी न्हाई."

कंडक्टरनं घंटी दिली. शिवप्रसादनं गुळाचा खडा उचलला, तिच्यासमोरच तोंडात टाकला, आणि शिदोरी घेऊन गाडीत चढला.